पाव आणायला गेलाय

कान्यास, ८ जानेवारी २०१५

यादेर,

प्रिय वगैरे काही लिहिणार नाही. मी फवाऱ्याचा पंप पाठीला लावून डासांच्या अळ्यांसाठी लोकांच्या अंगणातली पिंपं तपासत हिंडत होतो, आणि तू पिशवी भरून सीमेकडची बस धरलीस. टेबलावर भात झाकून ठेवलेला. निघून जाणारा माणूस भात झाकून ठेवतो का रे? मी तो खाल्ला नाही. कोंबड्यांना घातला. त्यांनी आवडीने खाल्ला म्हणून मग त्यांचाही राग आला.

तुझा फोन बंद आहे, तेव्हा हे पत्र. चीजवाली मार्लिंगबाई सीमेपलीकडे तुमच्या एस्तेलीला जाते-येते, तिच्या टोपलीतून पोचेल. वास आला तर तिला बोल, मला नको.

तू का गेलास ते मला कळतं. नाताळच्या आधी विमा कचेरीचं पत्र आलं. अर्ज फेटाळला. भाडेकरूला जोडीदार दाखवून सरकारी नोकराच्या विम्यात घुसवण्याचा प्रयत्न, पुन्हा असं झालं तर नोकरीवर कारवाई. ते वाचून तू ठरवलंस, हाइनरची नोकरी राहू दे, माझ्या किडन्या जाऊ देत. मला विचारलंस? नियम बदलला, पुरुषाच्या विम्यात त्याचा पुरुष जोडीदार घेता येणार असं झालं, तेव्हा मी सायकलवरून ओरडत आलो होतो, आठवतं? पडलो होतो गेटापाशी. वाटलं, आता इतरांसारखं तुझं नाव रांगेत लागेल, ठरल्या दिवशी डायलिसिस होईल. कोसळल्यावर उचलून न्यायचं, जेमतेम शुद्धीवर आणायचं आणि रिक्षात घालून घरी सोडायचं, हे संपेल. एवढंच हवं होतं आपल्याला.

आणि घात केला तो तुझ्या त्या भाडेकरूच्या सोंगाने. कल्पना तुझीच होती, नाही म्हणू नकोस. मागच्या खोलीला वेगळं कुलूप, वेगळी खाट, तिच्यावर कधी न चुरगळलेली चादर. आणि दर महिन्याला दोन्या सिनियाच्या दुकानात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "दोन्या सिनिया, नोट मोडून द्या हो, घरमालकाला भाडं द्यायचंय!" ती गंभीर तोंड करून म्हणायची, "फार कडक बाई तुझा घरमालक. रात्रीबेरात्री ओरडतो म्हणे." दुकानातले सगळे छताकडे बघायचे. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, यादेर, अगदी सगळ्यांना. कोणी कधी बोललं नाही, आणि आपल्याला वाटायचं, किती भली माणसं ही.

ती भली माणसं काय बोलली ते तुला पुरतं माहीत नाही. तू गेल्यावर मी दुकानात गेलो. दोन्या सिनिया म्हणाली, "कचेरीतली बाई आली होती, हातात फाइल. विचारते, ते दोघं जोडप्यासारखे राहतात का? मी म्हटलं, देवाशपथ बाई, असलं काही मनातसुद्धा आणू नका! पोरगा मागच्या खोलीत भाड्याने असतो, भाडं कधी चुकवत नाही." सांगताना काय अभिमान तिच्या चेहऱ्यावर! म्हातारा एलादिओ बाकावर बसला होता. तो म्हणाला, "मी तर सांगितलं, हाइनरची सान होसेला मैत्रीण आहे. नर्स."

"नर्स कुठून काढलीत?"

"नुसती मैत्रीण कमी पडली असती, पोरा."

मग काय झालं ते लिहायलाच हवं, कारण मार्लिंगबाई सांगेलच. काउंटरवरच्या सरबताच्या बाटल्या मी हाताने झाडून खाली पाडल्या. सगळ्या. दोन्या सिनिया केरसुणी घेऊन आली. गुडघे धरून खाली वाकली आणि काचा गोळा करता करता म्हणाली, "तीन वर्षं आम्हाला खोटं बोलायला शिकवलंत. खरं बोलायचं होतं तर आधी सांगायचंत ना रे. आम्ही तेही पाठ केलं असतं."

उद्या कचेरीत जातो. तू परत ये.

हाइनर


कान्यास, १७ जानेवारी

यादेर,

रोस्किया मिळाल्या. तुझ्या आईच्या हातच्या आहेत, कडक आणि खारट. पिशवी झटकून बघितली, उलटी करून बघितली. चिठ्ठी नाही. मार्लिंगबाईला विचारलं, काही बोलला का? म्हणे, "म्हणाला, त्याला हे आवडतं." बस? मी काय शेजारचं पोर आहे, खाऊ पाठवून गप्प करायला?

कचेरीत जाऊन आलो. आधी ओरडलो. मग रखवालदाराने दंड धरला तेव्हा हळू बोललो. तिथला कारकून माझ्याएवढाच असेल. म्हणाला, "तुमचे शेजारी तुमच्या विरुद्ध बोलले." मी म्हटलं, "ते माझ्या बाजूनेच बोलले." त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? तरी त्याने फेरतपासणीचा अर्ज घेतला. फेब्रुवारी संपायच्या आत पुन्हा कोणीतरी घरी येणार, न कळवता. या वेळी दोघं एका घरात राहतात असं त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर फाइल कायमची बंद.

म्हणजे तू इथे पाहिजेस. कळलं? तू. खाटेवर पडून राहा, खोकत राहा, मला शिव्या दे, पण इथे. मीच येऊन तुला ओढून आणलं असतं, पण मी सीमेपलीकडे असताना ती बाई आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर संपलंच. म्हणून कामावरून सुटलो की धावत घरी येतो आणि दारात बसतो. मुकादम रोहेर म्हणतो, "काय रे, अंडी उबवतोस का?"

मागच्या खोलीचं कुलूप मी फोडलं. खाट दोन्या सिनियाच्या भाच्याला देऊन टाकली. वस्ती सराव करते आहे, हसशील तू. कचेरीच्या कागदावर शब्द आहे 'सहचर'. दोन्या सिनिया तांदूळ मोजताना पुटपुटत असते, सहचर, सहचर. एलादिओच्या तोंडून तो निघतच नाही. लाजतो म्हातारा. म्हणतो, "मी आपलं सांगेन, एका ताटात जेवतात. त्यात सगळं आलं."

आलंच की त्यात सगळं.

माझी आई अजूनही फोनवर तेच रडते, जमीनमोजणीचं शिक्षण अर्धवट टाकलंस, दीड वर्षात साहेब झाला असतास. मी तिला कधी सांगितलं नाही, तुला सांगतो. कॉलेजची तुकडी इथल्या उसाच्या शेतात आली होती आणि पट्टी धरायला ठेकेदाराने तुला उभं केलं होतं, तेव्हा मोजणीच्या त्या जुन्या दुर्बिणीतून तू मला उलटा दिसलास. डोकं खाली, पाय आभाळात, तोंडावर उसाची काजळी, आणि हसत होतास. मास्तर विचारत होते, आकडा किती? मी बघतच राहिलो. नंतर मास्तरांनी वहीवर लाल रेघ मारली. तिथेच माझं कॉलेज संपलं, कागदावर संपायला पुढे काही महिने लागले इतकंच.

उसाने तुझ्या किडन्या खाल्ल्या. त्या ठेकेदाराने उन्हात पाणीसुद्धा मोजून दिलं, विमा कुठला देतोय. माझ्याकडे सरकारी नोकरी आहे, पिंपातल्या अळ्या बघायची का असेना, कायमची आहे. ती तुझ्या कामी येत नसेल तर मी तिचं काय करू?

ये.

हा


कान्यास, ३ फेब्रुवारी

यादेर, यादेर, यादेर,

काल ती आली!

नीट सांगतो. मार्लिंगबाई आठवड्यापूर्वी तिकडून परतली. म्हणाली, वाळलाय, अंथरुणात असतो, पण पत्रं ऐकली आणि म्हणाला, बघू. 'बघू' म्हणालास ना तू? मी त्या एका शब्दावर घर झाडून काढलं.

काल नाताळचा गोठा मोडायचा दिवस. दर वर्षी गोठा तू करतोस, भुसा हिरवा रंगवून त्याची कुरणं. यंदा वस्तीनेच येऊन केला. भुशात रंग जास्त झाला, बाळाचे पाय हिरवे झालेत. काल चार वाजता प्रार्थनेला सगळे आपल्याकडे. केळीच्या पानात तमाल उकडत होते, दोन्या सिनिया जपमाळ घेऊन पुढे बसलेली, बाकीचे मिळेल तिथे. एवढ्यात दारात छत्री मिटून एक बाई उभी. इथल्या उन्हात छत्री घेऊन कोण फिरतं? हातात फाइल. अर्गेदास नाव. तीच ती, पहिल्या तपासणीला आलेली.

"चालू द्या तुमची प्रार्थना," म्हणाली आणि दाराशी उभी राहिली.

प्रार्थना कसली चालतेय! सगळे आमेनच्या जागी भलतंच म्हणायला लागले. संपल्यावर बाईंनी विचारलं, "यादेर साहेब कुठे आहेत?"

मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होतो, आईकडे गेलाय, आजारी आहे, येतो म्हणालाय. पण त्याआधीच दोन्या सिनिया बोलली.

"पाव आणायला गेलाय."

यादेर, मला तिचा गळा धरावासा वाटला. एवढा सराव, आणि पुन्हा खोटं! पण ती माझ्याकडे बघेना. बाईंकडे बघून म्हणाली, "येईलच आता."

"मग थांबते मी," अर्गेदासबाई म्हणाल्या.

आणि थांबल्या. त्यांना स्टूल दिलं, कॉफी दिली, तमाल दिला. त्यांनी पान सोडून नीट खाल्ला. बाहेर वारा होता. गेटाची कडी वाजली की सगळ्यांच्या माना वळायच्या. माझीपण. शपथ सांगतो, माझीपण. मला माहीत होतं तू एस्तेलीत आहेस, तरी कडी वाजली की वाटायचं, हा आला, बगलेत पाव दाबून, उंबऱ्यावर पाय झटकून. एलादिओ मध्येच म्हणाला, "गरम पावासाठी थांबला असेल. शिळा घेत नाही तो." आणि सगळ्यांनी माना हलवल्या, जसं काही हे ठरलेलंच होतं.

ऊन भिंतीवरून उतरलं. बाई उठल्या. त्यांना शेवटची बस गाठायची होती. फाइल उघडली आणि म्हणाल्या, "पावाचं दुकान फारच लांब दिसतंय."

सगळे छताकडे बघायला लागले.

मग त्या खोलीभर बघत राहिल्या. एलादिओ काठीवर भार देऊन उभा होता. दोन बायका भिंतीला टेकून उभ्या. दोन्या सिनिया, तिचे ते गुडघे, प्रार्थना झाल्यापासून उभी, कारण तिची खुर्ची तिने गरोदर सुनेला दिली होती. आणि खोलीच्या मधोमध तुझी चामड्याची डुलती खुर्ची रिकामी.

"तिथे का नाही बसत कोणी?" बाईंनी विचारलं.

एलादिओला रागच आला. म्हणाला, "ती यादेरची आहे. तो आल्यावर कुठे बसेल?"

सराव केला नव्हता रे हा. हे कोणी शिकवलं नव्हतं कोणाला.

बाईंनी पेन काढलं. मग उभ्याउभ्याच लिहिलं, बरंच लिहिलं. जाताना मला म्हणाल्या, "त्यांना लवकर बोलवून घ्या. पाव पुरे झाला."

ऐकलंस ना? ये आता. मार्लिंगबाईचा पाय सुजलाय, ती निघेल तेव्हा हे पत्र निघेल. तोवर उशाशी ठेवतो.

तुझा (आता लिहितो)
हाइनर


कान्यास, २० फेब्रुवारी

यादेर,

मंजूर!

सरकारी शिक्क्यानिशी. आजपासून तू माझ्या विम्यात आहेस. कार्डावर तुझं नाव, खाली माझं, मध्ये सहचर. सोबत रुग्णालयाची चिठ्ठी आहे: किडनी विभाग, ८ एप्रिल, सकाळी सात, उपाशी पोटी यावे. उपाशी यायला तुला सांगावं लागत नाही म्हणा.

मी दुकानात जाऊन कार्ड दाखवलं. दोन्या सिनियाने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि सगळ्यांना सरबत वाटलं. बाटल्या माझ्या खात्यावर लिहिल्या नाहीत. म्हणाली, "भाडेकरूचं अभिनंदन."

मार्लिंगबाई पुढच्या आठवड्यात नक्की निघते. दोन्ही पत्रं एकदमच मिळतील. तिच्याबरोबरच ये. बसमध्ये खिडकीपाशी बस, उलटी झाली तर पिशवी ठेव. मी स्टँडवर उभा असेन. लाज वगैरे सोड, मी स्टँडवर सगळ्यांसमोर तुला धरणार आहे, वस्तीने काय ते छताकडे बघावं.

हा


कान्यास, ५ मार्च

माझी दोन्ही पत्रं परत आली. न फोडलेली. मार्लिंगबाईने ती टेबलावर ठेवली, चीजचा तुकडा ठेवला, आणि बराच वेळ रुमालाची गाठ सोडत बसली. तेव्हाच मला कळलं.

२९ जानेवारी.

म्हणजे आम्ही सगळे खोलीत बसून गेटाकडे बघत होतो, तेव्हा तुला पुरून झालं होतं. कडी वाजली की माना वळत होत्या.

तुझी बहीण दामारिस हिने निरोप दिलाय. आधीची दोन्ही पत्रं तिनेच तुला वाचून दाखवली. नर्सच्या ठिकाणी तू हसलास, इतका की आईने येऊन दटावलं. दुर्बिणीचं तिने दोनदा वाचलं, तू वाचायला लावलंस. मला द्यायचा निरोप एवढाच, "त्याला म्हणावं, नोकरी सोडू नको." मला कळवायला दामारिसकडे नंबर नव्हता, कारण तू दिला नव्हतास. वर ती म्हणते, कोण म्हणून कळवू? घरात तू सांगितलं होतंस, घरमालक.

शेवटपर्यंत तेच. सीमेपलीकडेसुद्धा तेच. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. तुझ्यावर इतका रागावलोय की तू समोर असतास तर... तू समोर असतास तर काही नाही.

वस्तीने नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली आहे, आपल्याच घरात. पहिल्या दिवशी लोक एकेक करून आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला, विधुराचा घेतात तसा. एलादिओ म्हणाला, "तुझ्या यादेरला शांती मिळो." तुझ्या. शब्द सापडला म्हाताऱ्याला शेवटी. तुझी खुर्ची मध्येच आहे. भिंतीला टेकून उभे राहतात, पण बसत नाही कोणी.

मुकादम रोहेरकडे गेलो. जोडीदार गेला तर सरकारी नोकराला दुखवट्याची भरपगारी सुट्टी मिळते, तुझ्याकडे यायला ती पुरली असती. रोहेर वाईट माणूस नाही. त्याने कार्ड बघितलं, दामारिसने पाठवलेला मृत्यूचा दाखला बघितला, पुन्हा कार्ड बघितलं.

"हाइनर, कार्ड २० फेब्रुवारीचं आहे."

"हो."

"आणि तो गेला जानेवारीत. म्हणजे गेला त्या दिवशी तो तुझा कोणी लागत नव्हता, पोरा. कागदावर म्हणतोय मी."

मी टेबल उलटवलं नाही. कोणी तुला सांगेल की उलटवलं, तर खोटं आहे. पंप पाठीला लावला आणि माझ्या गल्ल्यांना निघालो. दिवसभर लोकांच्या दारात उभा राहून विचारत होतो, घरात साठलेलं पाणी आहे का? नाही, नाही, म्हणत होते सगळे. खोटं ऐकलं की मला लगेच कळतं, धंदाच आहे तो माझा. तरी पिंपांवरची झाकणं लावत गेलो.

दाखला परत खिशात घातलाय. तो कचेरीत दिला तर कार्ड रद्द होणार, तेही पहिल्या दिवसापासून, कारण कार्ड निघालं तेव्हा तू नव्हतासच. मग आपण कधी कोणी नव्हतोच, फाइल बंद. आज डाकेने रुग्णालयाची आठवण आली, ८ एप्रिल विसरू नये. दोन्या सिनियाने सही करून ती पोस्टमनकडून घेतली. त्याने विचारलं, यादेर कुठाय? ती म्हणाली, "पाव आणायला गेलाय," आणि आत येऊन ओट्याला धरून उभी राहिली.


कान्यास, ८ एप्रिल

यादेर,

आज गेलो होतो.

का गेलो ते मलाही सांगता येणार नाही. रात्री ठरवलं होतं, जायचं नाही. सकाळी उठून तुझा निळा शर्ट घातला, काही खाल्लं नाही, पहिली बस धरली. किडनी विभागाबाहेर बाकं आहेत, निम्मी तरी ऊसतोडीची माणसं, तुझ्यासारखी, सुजलेल्या चेहऱ्यांची. प्रत्येकाबरोबर कोणीतरी. बायको, आई, पोरगी. डबे, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या. मी तुझी चिठ्ठी खिडकीत दिली. तिथल्या मुलीने मान वर न करता घेतली.

मला फक्त ते नाव ऐकायचं होतं. आपल्या घराबाहेर, मोठ्याने, सरकारी आवाजात. तुझं नाव इतक्या जोरात कोणी कधी घेतलंय? मीसुद्धा नाही. खिडक्या लावून घ्यायचो आपण.

सात वाजून गेल्यावर कर्ण्यातून आलं. यादेर अँतोनिओ सेंतेनो.

छान वाटलं ऐकायला. मी बसून राहिलो.

दुसऱ्यांदा आलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "तुझं नाव का रे बाळा? जा ना, नंबर जाईल."

तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी उठलो. खिडकीपाशी गेलो आणि मी जरा मोठ्यानेच बोलतो हे तुला माहीत आहे. म्हटलं, "तो वारला. मी त्याचा सहचर आहे." बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. छताकडे नाही, माझ्याकडे.

त्या मुलीने आता मान वर केली. म्हणाली, "अरेरे." मग यादीवर एक रेघ मारली, कार्ड मागून घेतलं, त्यावर शिक्का मारून खणात टाकलं. दाखला मागितला, तोही दिला. काढूनच ठेवला होता मी, बहुतेक घरून निघतानाच. तिने पुढचं नाव पुकारलं, आणि मी वळलो तशी तिला सवयीने आठवण झाली असावी, रोज शंभर जणांना विचारत असेल.

"कामावर दाखवायला चिठ्ठी हवी का?"

मी हो म्हटलं.

तिने छापील चिठ्ठीत भरून दिलं: रुग्ण, यादेर अँतोनिओ सेंतेनो. सोबत आलेले, हाइनर चावेस. नातं, सहचर. वेळ, सात ते साडेआठ.

चिठ्ठी घेऊन कामावर गेलो. रोहेरने वाचली, मग परत वाचली. त्याला माहीत होतं सगळं. त्याने ती तारेच्या टोकात खोचली, बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर, कोणाची बायको बाळंत झाली, कोणाच्या पोराचा हात मोडला, त्यांच्यावर.

तेवढी सकाळ मला भरपगारी मिळाली, यादेर. तुझ्या नावावर.

मग पंप उचलला. आज आपल्या गल्लीची पाळी होती.

हाइनर